१५वी आणि १९वी: एकाच वाक्याच्या दोन घटनादुरुस्त्या

स्पर्धा परीक्षेच्या नोट्समध्ये अमेरिकेबद्दल या दोन ओळी हमखास सापडतात. १५वी घटनादुरुस्ती, १८७०: कृष्णवर्णीयांना मताधिकार. १९वी, १९२०: स्त्रियांना मताधिकार. घाईत क्रमांकांची अदलाबदल होते, पण ती किरकोळ चूक. खरी गडबड त्या ओळींतच आहे, कारण दोन्ही वाचूनही कृष्णवर्णीय स्त्रीला मत कधी मिळालं ते कळत नाही.

दोन्ही दुरुस्त्यांचं मुख्य वाक्य एकच आहे: नागरिकांचा मतदानाचा हक्क संघराज्य किंवा कोणतंही राज्य अमुक कारणावरून नाकारणार नाही, त्यात काटछाट करणार नाही. 'अमुक'च्या जागी १५वीत वंश, वर्ण आणि पूर्वीची गुलामी आहे, तर १९वीत फक्त लिंग. १८७८ मध्ये स्त्रियांच्या मताधिकाराचा हा मसुदा सिनेटमध्ये आला तेव्हा १५वीचाच साचा वापरला होता. तो घटनेत जायला पुढे ४२ वर्षं लागली.

आता वाक्य पुन्हा वाचा. 'मत दिलं' असं त्यात कुठेच म्हटलेलं नाही. नाकारण्याची एकेक सबब तेवढी काढून घेतली आहे, बाकीच्या सबबी राज्यांकडे शाबूत. म्हणूनच १९२० च्या आधीही काही राज्यांत स्त्रिया मत देत होत्या. वायोमिंगने तो हक्क १८६९ मध्येच दिला होता आणि मोंटानातून जेनेट रँकिन १९१६ मध्ये थेट काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर, निवडून गेल्या. आणि म्हणूनच १८७० नंतरही दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय पुरुषाचं मत काढून घेता आलं. वंशाचा उल्लेखही न करता मतदानाआधी भरायचा कर लावला, साक्षरतेची परीक्षा ठेवली. लुइझियानात १८९६ मध्ये कृष्णवर्णीय मतदार १ लाख ३० हजारांहून जास्त होते. १९०४ मध्ये उरले १,३४२.

मग एकाच वाक्यात वंश आणि लिंग दोन्ही का नाही घातलं? त्यावरूनच तर भाऊबंदकी झाली. १८४८ मध्ये सेनेका फॉल्सच्या स्त्री-हक्क परिषदेत मताधिकाराचा ठराव जड जात होता. तो तरला त्यात गुलामीतून पळून आलेल्या फ्रेडरिक डग्लस यांच्या पाठिंब्याचा मोठा वाटा होता. १८६६ मध्ये दोन्ही मागण्यांसाठी एक सामाईक संघटनाही निघाली. पण १८६८ च्या १४व्या दुरुस्तीने मतदारांच्या संदर्भात 'पुरुष' हा शब्द घटनेत पहिल्यांदा आणला, आणि १५वीत लिंगाचा उल्लेख नाही हेही स्पष्ट झालं. मे १८६९ मध्ये न्यूयॉर्कच्या बैठकीत भडका उडाला. डग्लस म्हणाले, आमच्यासाठी हा जगण्यामरण्याचा प्रश्न आहे, आमच्या माणसांना दिव्याच्या खांबाला लटकवतात. श्रोत्यांतून कुणीतरी विचारलं, काळ्या स्त्रीबाबतही हे खरं नाही का? त्यांचं उत्तर: खरं आहे, पण ती स्त्री आहे म्हणून नव्हे, काळी आहे म्हणून.

मला या साऱ्या वादात तो प्रश्नच सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. स्त्री-मताधिकाराच्या पुढारी एलिझाबेथ कॅडी स्टँटन यांनी तर अडाणी काळे आणि परदेशी पुरुष सुशिक्षित गोऱ्या बायकांच्या आधी मत देणार, असा सूर लावला. त्याचं समर्थन होऊच शकत नाही. कृष्णवर्णीय कवयित्री फ्रान्सिस हार्पर डग्लस यांच्या बाजूने उभ्या राहिल्या. त्याच वर्षी चळवळ दोन संघटनांत फुटली.

स्टँटन यांच्या सहकारी सुझन अँथनी यांनी १८७२ मध्ये रॉचेस्टरला मत दिलं म्हणून त्यांना अटक झाली, १८७३ मध्ये शंभर डॉलर दंड झाला. तो त्यांनी कधीच भरला नाही. त्याच १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, गुलामांना दास्यातून मुक्त केल्याबद्दल. तिथली गुलामी गेली तरी तिथल्या बहुतेक स्त्रियांना मतपेटी बंदच होती.

१९१३ मध्ये वॉशिंग्टनच्या स्त्री-मताधिकार मोर्चात कृष्णवर्णीय पत्रकार आयडा वेल्स यांना सांगण्यात आलं, तुम्ही मागे, कृष्णवर्णीयांच्या तुकडीत चाला. त्या ऐकल्या नाहीत. मोर्चा सुरू झाल्यावर गर्दीतून येऊन आपल्या इलिनॉयच्या गोऱ्या सहकाऱ्यांबरोबर चालू लागल्या.

१९वी आली तेव्हा दक्षिणेत १५वी आधीच निकामी करून ठेवलेली होती. त्यामुळे कृष्णवर्णीय स्त्री नोंदणीला गेली की स्त्री म्हणून तिला कोणी अडवत नसे. तिच्या वडिलांना आणि नवऱ्याला परत पाठवणारा तोच कर, तीच परीक्षा तिच्यासमोर येई. (दोन्ही दुरुस्त्यांत 'नागरिक' हाही शब्द आहे, हे सहसा लक्षात येत नाही. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड खटल्यात तिथे स्थायिक झालेल्या भारतीयांना नागरिकत्व नाकारून त्या शब्दाच्याच बाहेर ठेवलं गेलं, ते १९४६ पर्यंत.)

मिसिसिपीच्या कापसाच्या मळ्यात राबणाऱ्या फॅनी लू हेमर यांना आपल्याला मत देता येतं हेच १९६२ पर्यंत माहीत नव्हतं. त्या वर्षी नोंदणीला गेल्या, परीक्षेत नापास ठरवल्या गेल्या, आणि मालकाने त्यांना मळ्यावरून हाकललं. ही परीक्षा बंद करून केंद्राचे अधिकारी नोंदणीला पाठवण्याची तरतूद झाली ती १९६५ च्या मताधिकार कायद्याने. त्याचा आधार होतं १५व्या दुरुस्तीचं दुसरं कलम, अंमलबजावणीचा अधिकार काँग्रेसला देणारं.

१९व्या दुरुस्तीला मिसिसिपीने रीतसर मान्यता दिली १९८४ मध्ये. हेमर यांना जाऊन तेव्हा सात वर्षं झाली होती.