दुधाची दाढ, मिश्री आणि गल्लीतला डेंटिस्ट

संध्याकाळी सातचा सुमार. पुण्यात धनकवडीतल्या माझ्या दवाखान्यात सहा वर्षांची एक मुलगी खुर्चीच्या अगदी कडेला बसलेली, तोंड घट्ट मिटून. बरोबर आई आणि आजी. खालची दुधाची दाढ किडलेली आहे. खड्डा दिसतोय, पण हिरडीला सूज नाही आणि पोर रात्री दुखून उठत नाही. आई विचारते, "भरायची का, डॉक्टर?" आजी मध्येच म्हणतात, "अगं, दुधाचीच आहे, पडणारच आहे की. कशाला त्रास पोरीला?"

आजींचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. ही दाढ दहा ते बारा वर्षांच्या दरम्यान पडेल. म्हणजे अजून किमान चार वर्षं तिला तोंडात टिकायचंय, चावायचंय, खालून येणाऱ्या दाताची जागा धरून ठेवायचीय. कॉलेजात शिकले ते सरळ होतं: सुई द्या, मशीनने कीड पूर्ण काढा, दात भरा. पण तोंडच न उघडणारी मुलगी, बाहेर बाकावर थांबलेले चार पेशंट आणि पुढच्या वेळी येईल की नाही याची खात्री नसलेली आई, हे सगळं धरून काय केलं तर ती दाढ पडेपर्यंत न दुखता राहील? या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं ते माझ्यासारखाच दवाखाना चालवणाऱ्या एका डेंटिस्टमुळे.

नॉर्ना हॉल स्कॉटलंडमध्ये जनरल प्रॅक्टिस करायच्या. त्यांच्याकडे किडलेल्या दाढांची लहान मुलं भरपूर यायची. त्यांनी एक पद्धत धरली: सुई नाही, मशीन नाही, कीडही काढायची नाही. योग्य मापाची स्टीलची कॅप निवडायची, तिच्यात सिमेंट भरायचं आणि ती दाढेवर दाबून बसवायची. कीड आतच बंद. ऐकायला हे चक्क निष्काळजीपणाचं वाटतं. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं. पण त्यामागचा विचार पक्का आहे. किडीतले जंतू आपण खातो त्या साखरेवर जगतात आणि तिचं आम्ल करून दात विरघळवतात. झाकण घट्ट बसलं की रसद तुटते, कीड थांबते. आतली जिवंत नस आपल्या बाजूने नवा कठीण थर चढवायला लागते. नस आधीच सडली असेल, पू झाला असेल, तर मात्र ही पद्धत चालत नाही.

हॉलबाईंनी दुसरी मोठी गोष्ट केली, ती म्हणजे नोंदी. 1988 ते 2001 या काळात 259 मुलांना बसवलेल्या 978 कॅप्सचा हिशेब त्यांच्याकडे होता. स्कॉटलंडच्याच डंडी विद्यापीठातल्या संशोधकांनी तो तपासला आणि 2006 मध्ये तो प्रसिद्ध झाला. नुसत्या जुन्या नोंदींवर विश्वास ठेवायचा नाही म्हणून त्यांनी रीतसर चाचणीही केली, आणि ती मोठ्या हॉस्पिटलात न करता टेसाइड भागातल्या 17 साध्या डेंटिस्टांच्या दवाखान्यांत केली. 132 मुलं, प्रत्येकाच्या दोन किडलेल्या दाढा. एका दाढेला कॅप, दुसरीला त्या डेंटिस्टची नेहमीची पद्धत. कुठल्या दाढेला काय, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरलं. किमान चार वर्षं पाठपुरावा झालेल्या मुलांचे निकाल 2011 मध्ये आले. दुखणं, गळू, दाढ काढावी लागणं अशी मोठी अडचण कॅपच्या 3 टक्के दाढांत आली, नेहमीच्या पद्धतीने भरलेल्यांत 16.5 टक्के. फिलिंग पडणं, झिजणं असल्या छोट्या तक्रारी कॅपमध्ये 5 टक्के आणि भरलेल्यांत 42 टक्के. आवडनिवड सांगितलेल्यांपैकी 77 टक्के मुलांनी कॅपच पसंत केली होती.

त्या सतरा जणांचा सहभाग मला फार मोलाचा वाटतो. विद्यापीठातल्या बालदंततज्ज्ञाने, शांत मुलाच्या तोंडात, तासभर घेऊन केलेलं फिलिंग कदाचित उत्तम टिकलं असतं. माझ्या खुर्चीवर ते तसं टिकत नाही, आणि मला माझ्या खुर्चीचं उत्तर हवंय. त्या संध्याकाळी मुलीच्या दाढेवर कॅप बसवायला दहा मिनिटं लागली. सिमेंट आंबट लागलं म्हणून तिने तोंड वाकडं केलं, बस्स.

1961 साली अमेरिकेतले डॉक्टर केर व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा हिशेब मांडला होता. हजार प्रौढ माणसं घ्या. महिन्याभरात त्यातल्या साधारण 750 जणांना काही ना काही होतं. 250 जण डॉक्टरकडे जातात. 9 जण हॉस्पिटलात दाखल होतात. विद्यापीठाच्या मोठ्या हॉस्पिटलात पोचतो तो एक. वैद्यकाचं बरंचसं ज्ञान त्या एका माणसावरून तयार होतं आणि उरलेल्यांना लावलं जातं. दातांच्या बाबतीत ही दरी मला अजूनच रुंद वाटते, कारण दातासाठी बहुतेक माणसं गल्लीतल्या दवाखान्यापलीकडे कधी जातच नाहीत. पुण्यात डेंटल कॉलेजं आहेत, तिथे चांगलं काम होतं. पण तिथे बसने दोन तास घालवून येणारा पेशंट आणि कोपऱ्यावरच्या डेंटिस्टकडे वीस वर्षं येणारं कुटुंब, या दोघांच्या दातांची गोष्ट वेगळी असते.

अमेरिकेत सरकारी दंतसंशोधन संस्थेने हे ओळखून 2005 मध्ये संशोधनासाठी खासगी डेंटिस्टांची तीन जाळी उभी केली, सात वर्षांसाठी साडेसात कोटी डॉलर दिले आणि 2012 मध्ये त्यांचं एकच राष्ट्रीय जाळं केलं. ब्रिटनमध्ये तर असल्या अभ्यासांनी दवाखान्यातल्या रोजच्या सवयींनाच हात घातला. दर सहा महिन्यांनी क्लीनिंग करावं का? स्कॉटलंड आणि ईशान्य इंग्लंडमधल्या 63 दवाखान्यांत 1877 प्रौढांवर तीन वर्षं चाचणी झाली. काहींचं सहा महिन्यांनी क्लीनिंग, काहींचं वर्षाने, काहींचं अजिबात नाही. हिरड्यांतून रक्त येण्यात तिन्ही गटांत फरक पडला नाही.

हे वाचून कुणी अपॉइंटमेंट रद्द करू नका. ती माणसं नियमित तपासणीला येणारी होती, हिरड्यांचा गंभीर आजार असलेली त्यात नव्हती. माझ्याकडे चाळिशीत पहिल्यांदा येणाऱ्या माणसाच्या खालच्या दातांमागे किटणाची सलग भिंत असते. "क्लीनिंग केलं की दात हलायला लागतात" या समजुतीपायी त्याने वर्षानुवर्षं टाळलेलं असतं. खरं तर हाड आधीच खचलेलं असतं, किटणाने दात नुसते एकमेकांना चिकटवून धरलेले असतात. या माणसाला स्कॉटलंडचं उत्तर कसं लावू? त्याच्यासाठी प्रश्न इथेच विचारावा लागेल.

आणि प्रश्न विचारायचा कसा, हे इथल्या माणसालाच कळतं. एकदा साठीच्या एक मावशी आल्या, धुण्याभांड्याची कामं करणाऱ्या. केसपेपरवर छापलेला प्रश्न होता, "तंबाखू खाता का?" त्या म्हणाल्या, "छे, कधीच नाही." मी 'नाही'वर खूण केली. तोंड उघडल्यावर खालच्या पुढच्या दातांपाशी हिरडी खाली सरकलेली, दातांची मुळं तपकिरी, आणि उजव्या हाताच्या तर्जनीचं टोक काळपट. मी विचारलं, "मावशी, मिश्री लावता का?" "ती होय! ती लावते की, सकाळ-संध्याकाळ. दाढ दुखायची म्हणून लावायला लागले, आता लावल्याशिवाय पोट साफ होत नाही."

तव्यावर काळी होईस्तोवर भाजून कुटलेली तंबाखू म्हणजे मिश्री. मावशी खोटं बोलल्या नव्हत्या. त्यांच्या भाषेत तंबाखू 'खातात' आणि मिश्री 'लावतात'. बाहेरून आलेल्या फॉर्ममध्ये त्या 'तंबाखू नाही' या रकान्यात गेल्या असत्या, आणि त्यांच्यासारख्या बायकांच्या हिरड्यांचा, तोंडाच्या कर्करोगाच्या धोक्याचा सगळा हिशेब चुकला असता. दवाखान्यातल्या डेंटिस्टला संशोधनात घ्यायचं म्हणजे त्याच्याकडून फॉर्म भरून घ्यायचे, एवढाच अर्थ बरेचदा लावला जातो. त्याला प्रश्न ठरवतानाच बोलवायला हवं.

दुसरी बाजूही सांगते. काही वर्षांपूर्वी एका अभ्यासासाठी माझ्याकडे चौदा पानी फॉर्म आला. रात्री दवाखाना बंद केल्यावर बसून मी ते भरले. पुढे काय निघालं, कुणी कळवलं नाही. त्यानंतर दुसऱ्या एका अभ्यासाला मी सरळ नाही म्हटलं, आणि आजही मला त्याची रुखरुख आहे. फॉर्म एका पानाचा हवा, दोन पेशंटच्या मध्ये उभ्याने भरता येईल असा. मदतनीस ताईंच्या जादा वेळेचे पैसे मिळायला हवेत. आणि निकाल सगळ्यांत आधी आम्हाला कळायला हवा.

गल्लीतल्या दवाखान्यांतून संशोधन करणं पुण्याला जमणार नाही असं मला कुणी सांगू नये. 1 फेब्रुवारी 2011 या एका दिवशी देशातल्या 880 शहरं-गावांतल्या 7400 डॉक्टरांनी आपल्याकडे आलेल्या प्रत्येक पेशंटची तक्रार नोंदवली. 2,04,912 पेशंट. त्यात फॅमिली डॉक्टर होते, फिजिशियन होते, बालरोगतज्ज्ञ होते. 2015 मध्ये तो अभ्यास 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आला, आणि निम्म्याहून अधिक लोक श्वसनाच्या तक्रारी घेऊन डॉक्टरकडे जातात हे त्यातून दिसलं. हे काम उभं केलं पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने. दातांसाठी असा एक दिवस आपण अजून ठरवलेला नाही.

अडचणी खऱ्या आहेत. एका रविवारी आम्ही चार डेंटिस्ट मित्र-मैत्रिणी चहाला जमलो होतो. मी एकच एक्स-रे सगळ्यांना दाखवला. दोघांनी सांगितलं, दात भरायचा. एकाने सांगितलं, सहा महिने थांबून पाहायचं. चौथीला कीडच दिसली नाही. चौघंही मन लावून काम करणारे. म्हणून असल्या अभ्यासात आधी सगळ्यांना एकत्र बसवून, तेच फोटो, तेच दात दाखवून नजर जुळवावी लागते, आणि किती जुळली ते मोजावंही लागतं. योगायोगाने जुळलेली मतं वजा करून हे मोजायचं गणित 1960 पासून आहे, त्याला 'कॅपा' (kappa) म्हणतात.

मग पेशंटची संमती. "माझ्यावर प्रयोग करताय का?" हा प्रश्न येणारच, आणि त्याला खरं उत्तर त्याच्याच भाषेत द्यायला हवं: काय नोंदवणार, कुणाला दिसणार, नाही म्हटलं तरी उपचारात फरक पडणार नाही. अभ्यासात पेशंटचं हित जपलं जातंय ना हे तपासणारी एथिक्स कमिटी एकट्या दवाखान्याकडे नसते. इथे कॉलेजांनी हात पुढे करावा. चाचणी असेल तर पहिला पेशंट घेण्याआधी आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) नोंदवहीत तिची नोंद करायची. ही सोय 2007 पासून आहे आणि मोफत आहे.

एक उणीव मात्र माझ्या मनातून जात नाही. दवाखान्यातल्या नोंदीत फक्त दवाखान्यात आलेली माणसं असतात. फी परवडत नाही म्हणून लवंग दाबून झोपणारा माणूस त्यात कुठेच दिसणार नाही. त्याच्यासाठी महापालिकेचे दवाखाने, आरोग्य केंद्रं आणि आशाताई या कामात असायलाच हव्यात.

माझ्या केसपेपरवरचा तो प्रश्न मी बदलून घेतलाय. आता तिथे छापलंय: मिश्री लावता का? दिवसातून किती वेळा? कधीपासून? कशासाठी लावायला लागलात? कात्रज ते बिबवेवाडीच्या पट्ट्यातल्या सात डेंटिस्टांना मी तो कागद दिलाय. सगळ्यांनी एकाच शब्दांत विचारायचं ठरलंय. शेवटच्या प्रश्नापुढे मोकळी ओळ ठेवलीय, बाई जे म्हणेल ते तिच्याच शब्दांत लिहायला.