‘थिंग’ची गोष्ट

आइसलंडच्या संसदेचं नाव ‘आल्थिंगी’. इ.स. ९३० च्या सुमारास थिंगवेत्लिरच्या उघड्या माळावर ती पहिल्यांदा भरली. देशाला राजा नव्हता आणि सुरुवातीला कायदे लिहिलेलेही नव्हते. कायदा मुखोद्गत असलेला एक अधिकारी खडकावर उभा राहून दरवर्षी त्याचा एक तृतीयांश भाग म्हणून दाखवी.

नॉर्वेची संसद ‘स्टोर्टिंग’, डेन्मार्कची ‘फोल्केटिंग’. यातलं ‘टिंग’ आणि आपण इंग्रजीत उठसूट वापरतो ते ‘थिंग’, दोन्ही एकच. संसदेला वस्तूचं नाव मिळालं कसं? प्रवास खरं तर उलटा झाला. जुन्या जर्मानिक भाषांत, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या कुळातल्या भाषांत, हा शब्द सभेचाच होता. इंग्लंडमधल्या केंटच्या सातव्या शतकातल्या कायद्यांतही तो त्याच अर्थाने येतो. गॉथिक या लुप्त जर्मानिक भाषेत याच कुळातल्या शब्दाचा अर्थ ‘काळ’ होतो. त्यावरून भाषाशास्त्रज्ञांचा कयास असा, की ‘थिंग’ म्हणजे आधी सभेची ठरलेली वेळ असावी.

या सभेला देवही होता. उत्तर इंग्लंडमध्ये हेड्रियनच्या भिंतीजवळ हाऊसस्टेड्सला सापडलेल्या रोमन वेदीवर ‘मार्स थिंक्सुस’ असं नाव कोरलेलं आहे, म्हणजे सभेचा मंगळ. जर्मन ‘डीन्स्टाग’ आणि डच ‘डिन्सडाग’, म्हणजे मंगळवार, ही नावं त्याच्यावरूनच आली असं बहुतेक अभ्यासक मानतात.

सभेत खटले चालत, म्हणून ‘थिंग’ म्हणजे खटला. मग वादाचा विषय, मग कुठलीही बाब आणि शेवटी हाताला लागेल ती वस्तू. अर्थ इतका पातळ झाला की आता त्यात काहीही मावतं! लॅटिनमध्येही असंच झालं. ‘काउसा’ म्हणजे कारण किंवा खटला, पण त्याचंच इटालियन-स्पॅनिश रूप ‘कोसा’ म्हणजे वस्तू.

आणि मराठी? संस्कृत ‘गोष्ठ’ म्हणजे गोठा, ‘गोष्ठी’ म्हणजे सभा, मग सभेतला संवाद. त्यातूनच आपली ‘गोष्ट’ आली: कधी कथा, कधी बाब, कधी चक्क वस्तू. ‘थिंग’शी तिचं काडीचंही नातं नाही, पण वाट जवळपास तीच. मला तर हा योगायोग वाटत नाही. चार माणसं जमून ज्यावर बोलतात, त्याला नाव लागतंच.

जुना अर्थ मात्र पुरता पुसलेला नाही. डच न्यायालयात तातडीच्या दाव्याला आजही ‘कॉर्त खेडिंग’ म्हणतात, आणि बाहेर दुकानात कुठलीही वस्तू नुसती ‘डिंग’.