'दाऊ' देवासाठी कधी राखून ठेवला गेला?

जुन्या इंग्रजीत एकाला 'दाऊ' (thou, म्हणजे 'तू') आणि अनेकांना 'यी' (ye, म्हणजे 'तुम्ही'), असा केवळ संख्येचा भेद होता. तेराव्या शतकापासून फ्रेंच दरबारी वळणाने थोरामोठ्यांना अनेकवचनात संबोधण्याची रीत आली आणि 'दाऊ' घरच्यांसाठी, नोकरांसाठी आणि भांडणासाठी उरला. १६०३ सालच्या राजद्रोहाच्या एका गाजलेल्या खटल्यात सरकारी वकिलाने आरोपी दरबाऱ्याला मुद्दाम 'दाऊ' म्हणून हिणवले. त्याच शतकात क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे लोक, देवापुढे सगळे सारखे या श्रद्धेने, न्यायाधीशांनाही 'दाऊ' म्हणत राहिले आणि त्यापायी त्यांनी मारही खाल्ला.

१६११ च्या राजाश्रयी (किंग जेम्स) इंग्रजी बायबलमध्ये हा शब्द जागोजागी आहे. पण तो आदरार्थी नाही. हिब्रू आणि ग्रीक मुळात एकवचन असेल तिथे 'दाऊ', एवढाच नियम होता. देवाला तोच शब्द, सैतानालाही तोच. विठ्ठलाला 'तू' म्हणणाऱ्या मराठी वाचकाला याचे नवल वाटणार नाही. पुढे बोलीतून शब्द गेला, प्रार्थनेत राहिला, आणि केवळ तिथेच ऐकू येत असल्याने तो भारदस्त वाटू लागला.

खरा घोळ विसाव्या शतकातला. अमेरिकेत १९४६ साली नवा करार आणि १९५२ साली संपूर्ण बायबल सुधारून निघाले. अनुवादकांनी माणसांसाठी 'यू' (you, आजच्या इंग्रजीत 'तू' आणि 'तुम्ही' दोन्हींसाठी) घेतले, देवासाठी मात्र 'दाऊ' राखला. मग येशूला काय म्हणायचे? पृथ्वीवर वावरणाऱ्या येशूशी शिष्य 'यू'ने बोलतात, म्हणजे अनुवादक त्याचे देवत्वच नाकारतात, असा आरोप झाला. त्यात दुसऱ्या स्तोत्रातली 'तू माझा पुत्र आहेस' ही, ख्रिस्ती लोक येशूला उद्देशून मानतात ती ओळ जुन्या करारात 'यू'ने छापली गेली, आणि तीच ओळ नव्या करारात इब्री लोकांस पत्रात येते तिथे 'दाऊ'ने. टीकाकारांना आयता पुरावा मिळाला.

आरोप अन्यायाचा होता, तरी त्याला वाट करून दिली ती या अर्ध्या निर्णयाने. मूळ भाषांत नसलेला आदराचा भेद अनुवादकांनी स्वतःच उभा केला आणि मग प्रत्येक ओळीत कोण देव, कोण माणूस हे ठरवण्याची पाळी ओढवून घेतली. सरसकट 'यू' हाच सरळ मार्ग होता. १९८९ च्या नव्या आवृत्तीत तो स्वीकारला गेला. प्रभूची प्रार्थना मात्र अनेक इंग्रजी चर्चमध्ये आजही 'दाऊ'च्याच रूपांनी म्हटली जाते; ती पिढ्यान्‌पिढ्या तशीच पाठ आहे.