चालक नोकर की कंत्राटदार? कॅलिफोर्नियातील निकालांमागचा शंभर वर्षांचा वाद

25 जुलै 2024 रोजी कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने मतदारांनी थेट मतदानाने केलेला ‘प्रस्ताव 22’ हा कायदा एकमताने वैध ठरवला. उबर, लिफ्ट, डोअरडॅश अशा प्रवासी नेणाऱ्या किंवा जेवण पोहोचवणाऱ्या कंपन्यांच्या ॲपवर काम करणारे चालक त्यामुळे कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र कंत्राटदारच राहिले. ‘हे चालक नोकर नाहीत’ असा निवाडा न्यायालयाने दिला, अशी समजूत यातून सहज होते. पण त्या दिवशी न्यायालयापुढे तो प्रश्नच नव्हता. हे समजण्यासाठी बरेच मागे जावे लागते.

नोकर कोणाला म्हणायचे, हा वाद सुरुवातीला पगाराचा नव्हता, अपघाताचा होता. घोडागाडी हाकणाऱ्याने वाटसरूला धडक दिली, तर भरपाई कोणी द्यायची? इंग्लंडच्या कॉमन लॉने, म्हणजे न्यायालयांच्या निकालांतून घडलेल्या कायद्याने, उत्तर दिले ते असे: गाडीवान मालकाच्या हुकमाखाली काम करत असेल तर मालकाने, आपल्या पद्धतीने, आपल्या जोखमीवर करत असेल तर गाडीवानाने. त्यामुळे न्यायालये मुख्यतः एकच गोष्ट तपासत, ती म्हणजे काम कसे करायचे हे कोण ठरवतो. मालकावर दुसऱ्याच्या चुकीचा बोजा किती टाकायचा, याची हद्द या ‘नियंत्रणाच्या कसोटी’ने आखली. गाडीवानाच्या पोटापाण्याचा विचार तिच्यात कुठेच नव्हता.

पुढे किमान वेतन, जादा कामाचा मोबदला, कामावरच्या इजेची भरपाई हे कायदे आले आणि तीच कसोटी तिथेही लावली गेली. माझ्या मते पुढच्या सगळ्या भांडणाचे मूळ इथे आहे. नियंत्रण सैल दिसेल असा करार लिहून घेतला, की वेतनापासून विम्यापर्यंतच्या साऱ्या जबाबदाऱ्या एका सहीने झटकता येऊ लागल्या.

कॅलिफोर्नियात मात्र एक वेगळा धागाही होता. 1913 मध्ये राज्याने स्त्रिया आणि मुलांच्या कामाच्या अटी ठरवण्यासाठी औद्योगिक कल्याण आयोग नेमला. 1916 पासून आयोगाच्या वेतन आदेशांत नोकरीची व्याख्या फार रुंद होती: एखाद्याला काम करू देणे, किंवा तो करतो आहे हे ठाऊक असून न थांबवणे, हीसुद्धा नोकरीच. ही भाषा बालमजुरीविरोधी कायद्यांतून आली होती. कारखान्यात राबणाऱ्या पोराला ‘मी याला कामावर घेतलेच नव्हते’ असे म्हणून मालकाने सुटू नये, हा तिचा हेतू. कितीतरी दशके ही व्याख्या कागदावर तशीच पडून राहिली.

पहिली मोठी ठिणगी पडली काकडीच्या शेतात. बोरेलो नावाच्या कंपनीने काकडी तोडणाऱ्या स्थलांतरित मजूर कुटुंबांकडून ‘आम्ही वाटेकरी शेतकरी आहोत’ असे लिहून घेतले होते. विक्रीचा निम्मा हिस्सा त्यांचा, म्हणून ते नोकर नाहीत, असा कंपनीचा दावा. 1989 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. जमीन कंपनीची, पीक कंपनीचे, भावही कंपनीने मजुरांना न विचारता खरेदीदाराशी ठरवलेला. तोडणी कशी करायची हे सांगावे लागत नाही, कारण ते काम साधे आहे, म्हणून नियंत्रण नाही असे कसे म्हणता येईल? नियंत्रणाची कसोटी अपघाताच्या दायित्वासाठी घडली आहे, कामगार संरक्षणाच्या कायद्यात ती यांत्रिकपणे लावता येणार नाही, हे या निकालात स्पष्ट लिहिलेले आहे. तरीही त्याने अनेक निकषांची जी यादी दिली, तिच्यामुळे प्रत्येक खटल्यात नवी घासाघीस सुरू झाली, आणि घासाघीस ज्याच्याकडे वकील जास्त त्याला परवडते.

मग 30 एप्रिल 2018 चा डायनामेक्स निकाल आला. या कुरिअर कंपनीने 2004 मध्ये आपल्या नोकरदार चालकांना कंत्राटदार करून टाकले होते. काम तेच, पण गाडीचा आणि इंधनाचा खर्च आता त्यांच्या माथी. न्यायालयाने 1916 ची ती व्याख्या बाहेर काढली आणि वेतन आदेशांपुरती ‘एबीसी’ कसोटी स्वीकारली. काम करणारा कंत्राटदार आहे हे कंपनीने सिद्ध करायचे आणि त्यासाठी तीनही गोष्टी दाखवायच्या: तो नियंत्रणापासून मुक्त आहे, त्याचे काम कंपनीच्या नेहमीच्या धंद्याबाहेरचे आहे, आणि त्याचा त्या कामाचा स्वतंत्र व्यवसाय आहे. दुसऱ्या अटीचे निकालातले उदाहरण बोलके आहे. दुकानाने नळ दुरुस्तीला प्लंबर बोलावला तर तो दुकानाचा नोकर होत नाही. पण कपडे बनवणाऱ्या कंपनीने कापड देऊन घरी बसलेल्या बाईकडून कपडे शिवून घेतले, तर ती नोकर ठरू शकते.

विधिमंडळाने 2019 मध्ये ‘एबी 5’ कायदा करून ही कसोटी वेतन आदेशांपलीकडे विस्तारली आणि डॉक्टर, वकील अशा अनेक व्यवसायांना वगळले. ॲप कंपन्यांना सूट मिळाली नाही. त्यांनी 20 कोटी डॉलरहून अधिक रक्कम ओतून नोव्हेंबर 2020 मध्ये प्रस्ताव 22 मतदारांपुढे नेला आणि सुमारे 58 टक्के मतांनी जिंकला. बदल्यात चालकांना स्थानिक किमान वेतनाच्या 120 टक्के इतकी कमाईची हमी मिळाली, पण ती फक्त फेरी घेतल्यापासून संपेपर्यंतच्या वेळेसाठी. फेरीची वाट पाहण्याचे तास त्यात धरलेले नाहीत. मला हा त्यातला सर्वांत अन्यायकारक भाग वाटतो.

काही चालक आणि एसईआययू ही कामगार संघटना कोर्टात गेली. त्यांचा मुद्दा घटनेचा होता: कंत्राटदार ठरल्याने चालक कामगार भरपाईतून, म्हणजे कामावरच्या इजेच्या भरपाईतून, वगळले गेले; पण तिचे संपूर्ण अधिकार राज्यघटनेने विधिमंडळाला दिले आहेत, मग मतदार त्यात हात घालू शकतात का? अलामेडा काउंटीच्या न्यायालयाने 2021 मध्ये प्रस्ताव घटनाबाह्य ठरवला, अपील न्यायालयाने 2023 मध्ये तो निकाल बहुतांशी फिरवला, आणि सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की विधिमंडळाचा अधिकार मतदारांचा अधिकार हिरावत नाही. योगायोग असा, की मतदारांना थेट कायदा करण्याचा हक्क आणि कामगार भरपाईचे कलम, दोन्ही 1911 मध्ये एकाच दिवशीच्या मतदानाने घटनेत आले होते. कायदा कोणी करायचा, एवढाच प्रश्न 2024 मध्ये सुटला.

महाराष्ट्राने हा गुंता वेगळ्या टोकाने सोडवला होता. एक ठरलेला मालक नसलेल्या हमालांसाठी 1969 च्या माथाडी कायद्याने मंडळे उभी केली, काम देणाऱ्यांकडून लेव्ही, म्हणजे ठरावीक वर्गणी, घेतली आणि त्यातून भविष्य निर्वाह निधीसारखे हक्क दिले. राजस्थानने 2023 मध्ये ॲपवरच्या कामगारांसाठी कल्याण मंडळाचाच मार्ग धरला.

कॅलिफोर्नियात पुढचे पाऊल न्यायालयाबाहेर पडले. ऑक्टोबर 2025 मध्ये गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी प्रवासी वाहतूक करणाऱ्या चालकांना कंत्राटदार राहूनही संघटना बांधण्याचा आणि सामूहिक वाटाघाटींचा हक्क देणाऱ्या कायद्यावर सही केली. जेवण आणि सामान पोहोचवणारे त्यातून बाहेर राहिले. त्याच सौद्याचा भाग म्हणून आणखी एक कायदा झाला: विमा नसलेल्या किंवा अपुरा विमा असलेल्या दुसऱ्या गाडीने धडक दिली तर लागू होणारे 10 लाख डॉलरचे विमासंरक्षण माणशी 60 हजार आणि एका अपघातामागे 3 लाख डॉलरवर आले. चालकांना वाटाघाटीचे टेबल मिळाले, त्याची किंमत त्यांच्याच आणि त्यांच्या प्रवाशांच्या विम्यातून वसूल झाली.