स्वतःचा स्कोअर पाहिल्याने तो घसरतो का?

घरकर्जाआधी स्वतःचा क्रेडिट स्कोअर (कर्जफेडीच्या इतिहासावरून मिळणारे गुण) पाहिला की तो कमी होतो, असा मेसेज वर्षानुवर्षे फिरतोय. तसं होत नाही. भीती मात्र समजण्यासारखी आहे, कारण त्यात अर्धं सत्य आहे: कर्जाचा अर्ज केला की बँक तुमच्या कर्जांच्या नोंदींचा अहवाल मागवते, ती चौकशी नोंदली जाते आणि स्कोअर थोडा खाली येऊ शकतो. सांगलीत विश्रामबागेत फ्लॅट बघताना महिन्याभरात पाच ठिकाणी अर्ज टाकले, तर नोंदी साचतात. स्वतः पाहणं त्यात धरत नाहीत.

पडताळून बघा. प्रत्येक क्रेडिट माहिती कंपनीकडून (कर्जांच्या नोंदी ठेवून स्कोअर देणाऱ्या कंपनीकडून) वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. त्यात कर्जचौकशांची यादी, तारखांसह असते. फेडलेलं सोनेतारण कर्ज अजून चालू दिसतंय का, तेही बघाच. ही चूक अर्जाआधी दुरुस्त करून घेता येते.