महात्मा फुले मंडई, पुणे

पुण्याच्या शुक्रवार पेठेतील भाजीपाला व फळांची किरकोळ बाजारपेठ. पूर्वीचे नाव ‘रे मार्केट’. पुणेकरांच्या बोलण्यात मात्र ती नुसती ‘मंडई’ असते.

एकोणिसाव्या शतकात शहराचा भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या मोकळ्या पटांगणात भरत असे. ऊन, पाऊस आणि घाण यांपासून विक्रेते व माल दोहोंचे रक्षण व्हावे, यासाठी नगरपालिकेने बंदिस्त बाजार बांधण्याचे ठरवले आणि त्यासाठी शुक्रवार पेठेतील सरदार खाजगीवाले यांच्याकडील जागा घेतली. याच सुमारास खडकवासल्याचे धरण व मुठा कालवा पूर्ण झाल्यामुळे शहराच्या पूर्वेकडील हडपसर-मांजरी भागाला बारमाही पाणी मिळू लागले होते. मंडईला पुढे जो नियमित पुरवठा होत राहिला, त्यामागे या कालव्याचा वाटा इमारतीइतकाच मोठा मानला पाहिजे, जरी मंडईच्या वर्णनांत त्याचा उल्लेख क्वचितच येतो.

नगरपालिकेचे त्या काळचे सभासद जोतीराव फुले यांचा या बांधकामाला विरोध होता. एवढा पैसा इमारतीवर घालण्याऐवजी तो गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करावा, अशी त्यांची भूमिका होती. विरोध बाजाराला नव्हता, खर्चाच्या क्रमाला होता. 1880 साली व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतखर्चालाही फुल्यांनी असाच विरोध केला होता. नगरपालिकेने त्यांचे ऐकले नाही. काम पूर्ण झाले आणि 5 ऑक्टोबर 1886 रोजी राणी व्हिक्टोरियाचे पुत्र ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या हस्ते उद्घाटन होऊन मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव इमारतीला देण्यात आले. 1930 च्या दशकाच्या अखेरीस आचार्य अत्रे नगरपालिकेचे सभासद असताना त्यांच्या पुढाकाराने ते नाव बदलून फुल्यांचे देण्यात आले. ज्या वास्तूवरचा खर्च फुल्यांना मान्य नव्हता तिलाच त्यांचे नाव मिळाले, या विसंगतीकडे अभ्यासक अनेकदा बोट दाखवतात. पण माळी-शेतकऱ्यांच्या कष्टावर उभ्या राहिलेल्या बाजाराला गव्हर्नरापेक्षा फुल्यांचे नाव अधिक शोभते, हेही तितकेच खरे.

इमारत दगडी असून तिच्यावर गॉथिक शैलीची छाप आहे. मधोमध उंच अष्टकोनी मनोरा असून त्याच्या भोवती उतरत्या छपरांच्या लांबट पाखांमध्ये गाळे मांडलेले आहेत. नगरपालिकेची कचेरीही काही काळ याच इमारतीत होती. परिसरात लोकमान्य टिळकांचा पुतळा 1924 मध्ये बसवण्यात आला. सभा, मोर्चे आणि कट्ट्यावरच्या राजकीय चर्चा यांमुळे ‘मंडई विद्यापीठ’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. अखिल मंडई मंडळाच्या शारदा-गजाननाची मूर्तीही पुण्याच्या गणेशोत्सवातील प्रमुख दर्शनस्थळांत गणली जाते.

मंडईतील माल ऋतूंप्रमाणे आणि त्याहूनही अधिक पंचांगाप्रमाणे बदलतो. मेथी, शेपू, चाकवत, आंबट चुका, अंबाडी, राजगिरा या पालेभाज्या जुडीने विकल्या जातात. मिरची, आले, लिंबू, कोथिंबीर अशा किरकोळ जिनसांचा पूर्वीपासून ‘वाटा’ मांडण्याची पद्धत आहे. आळूच्या पानांबरोबर चुक्याची जुडी मागितली की घरी पातळ भाजीचा बेत आहे, हे विक्रेत्याला सांगावे लागत नाही. पावसाळ्यात कर्टोली, टाकळा, कुरडू यांसारख्या रानभाज्या येतात. गणपतीत दुर्वा, आघाडा, पत्री व केळीचे खुंट यांची गर्दी होते. भोगीच्या आदल्या दिवशी वांगी, पावटा, गाजर, हरभऱ्याचे घाटे, बोरे आणि उसाचे करवे एकत्रच घेतले जातात, आणि त्या दिवशी भावात घासाघीस फारशी चालत नाही. फळांत पुरंदरची अंजिरे व सीताफळे, महाबळेश्वर भागातील स्ट्रॉबेरी आणि चैत्र-वैशाखात कोकणचा हापूस यांना विशेष मागणी असते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घाऊक व्यापार गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला आणि मंडई मुख्यतः किरकोळ विक्रीपुरती उरली. त्यामुळे शेतकरी व गिऱ्हाईक यांच्यातील अंतर वाढले: माल प्रथम यार्डातील आडत्याकडे, म्हणजे दलालाकडे, जातो, तेथून गाळेधारक तो उचलतो. इमारतीबाहेरच्या पदपथावर जवळच्या गावांहून टोपली घेऊन येणाऱ्या बायका तेवढ्या या साखळीबाहेर राहिल्या. 2016 मध्ये राज्य शासनाने फळे व भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून वगळला आणि शेतकरी आठवडे बाजारांना चालना दिली, तेव्हापासून उपनगरांतील मैदानांत ठरलेल्या वारी शेतकरी स्वतः तराजू घेऊन बसू लागले. पेठांतील नेहमीचे गिऱ्हाईक मात्र अजूनही मंडईकडेच वळते. सप्टेंबर 2024 मध्ये तिच्या नावाचे भुयारी मेट्रो स्थानक सुरू झाल्याने दूरच्या ग्राहकांचीही सोय झाली आहे.