ऑल्ट-कंट्री १९९०मध्ये जन्मलं नाही

'अंकल टुपेलो' या अमेरिकी बँडने १९९०मध्ये 'नो डिप्रेशन' अल्बम काढला आणि ऑल्ट-कंट्री, म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण 'कंट्री' संगीताला पंक-रॉकची जोड देणारा प्रकार, जन्माला आलं, असं सर्रास सांगितलं जातं. तसं नाही. अल्बमला ज्या गाण्यावरून नाव मिळालं, ते कार्टर फॅमिली या जुन्या कंट्री गायकवृंदाने १९३६मध्ये, महामंदीच्या काळात गायलं होतं. स्वर्गात तरी मंदी नसेल, ही त्यातली आस. कंट्री-रॉकची सांगडही जुनीच. १९६८मध्ये गायक ग्रॅम पार्सन्सला सोबत घेऊन 'द बर्ड्स' या रॉक बँडने कंट्रीचं माहेरघर असलेल्या नॅशव्हिलमध्ये कंट्री रेकॉर्ड केलं. पुढे गायिका एमिलू हॅरिससोबत गाताना पार्सन्सचा आवाज जरा कापतो, ती सांभाळून घेते. मला हे संगीत भिडतं ते नेमकं तिथे. बेलव्हिलच्या पोरांचं, म्हणजे 'अंकल टुपेलो'चं, श्रेय यामुळे कमी होत नाही. पंकचा दणका त्यांचाच, पण ते जुनं गाणं त्यांनी साधेपणानेच गायलं.